फळा पुसल्यानंतर

ओल्या फडक्याने नुकत्याच पुसलेल्या फळ्याचा काळेपणा निराळा असतो. कोरड्या डस्टरने पुसलेला फळा राखेसारखा धूसर दिसतो, गेल्या तासाच्या अक्षरांची पुसट सावली त्यावर रेंगाळत राहते. पण पाण्याचा हात फिरला की तोच फळा एकाएकी गंभीर, खोल आणि शीतल होतो. खिडकीतला उजेड त्यावर क्षणभर चमकतो, ओल कडेकडेने आटत जाते, आणि खडूच्या ओल्या भुकटीचा एक मंद गंध पहिल्या बाकापर्यंत पोहोचतो. चौतीस वर्षे गणित शिकवताना माझ्या प्रत्येक दिवसाचा आरंभ या काळेपणाने झाला. पुढे काय लिहायचे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला तो काळेपणा किती आश्वासक वाटतो!

म्हणूनच यंदाच्या माघातल्या एका सकाळी, आमच्या जेल रोडच्या घरात, संगणकाचा पडदा तसाच काळा झालेला मी पाहिला तेव्हा पहिल्या क्षणी मला भीती वाटलीच नाही, ओळख वाटली. वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्या शेवटी एक शुभ्र रेघ संथपणे लुकलुकत होती, जणू कुणी खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभे राहिले आहे आणि काय लिहू असे विचारते आहे. भीती त्यानंतर आली. पण आली तेव्हा ती अर्धीमुर्धी आली नाही.

हे कसे घडले ते क्रमाने सांगितले पाहिजे, कारण सारा प्रश्न क्रमाचाच होता.

माझे पती सुधाकर यांनी आयुष्यभर एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, नियंत्रण कक्षात काम केले. भिंतभर तबकड्या, दिवे आणि कळा यांच्यासमोर बसून, न दिसणाऱ्या प्रचंड यंत्रांची नाडी पाहणे हा त्यांचा व्यवसाय. बोलणे मोजके, पण नेमके. गेल्या श्रावणात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय पुष्कळसा सावरला, उजवा हात थोडासा सावरला. वाचा मात्र गेली. गेली म्हणजे एक शब्द सोडून सारी गेली. तो एक शब्द 'बरं'. भूक लागली तरी 'बरं', राग आला तरी 'बरं', मुलीचा फोन आला की डोळे भरून 'बरं'. एकाच शब्दाला किती स्वर असू शकतात हे मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकले.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सराव रोज झाला पाहिजे, तो खंडता कामा नये. आणि सरावाच्या वस्तू पुस्तकातल्या नकोत, त्यांच्या स्वतःच्या घरातल्या हव्यात. आणखी एक वाक्य त्या जाता जाता बोलल्या होत्या. "आजी, शब्द पुसले गेलेले नाहीत. आत आहेत. बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली आहे." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. ते मला पटले का? वहीत उतरवलेले सारेच पटलेले असते असे नाही, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार!

सराव मात्र मी शिस्तीने मांडला. त्यांचा चष्मा, त्यांची चप्पल, त्यांचा पितळी तांब्या, देवघरातली समई, कोपऱ्यातली छत्री, अशी एकेका वस्तूची छायाचित्रे मी काढली आणि प्रत्येक चित्राला माझ्या आवाजात त्या वस्तूचे नाव जोडले. चित्रावर बाण नेऊन कळ दाबली की वस्तू पडदाभर दिसायची आणि माझा आवाज यायचा, 'चष्मा'. पाच महिन्यांत अशी तीनशे अठरा शब्दचित्रे झाली. ती सारी मी संगणकाच्या पहिल्या पडद्यावर, ज्याला सगळे डेस्कटॉप म्हणतात त्याच्यावर, ओळीने मांडून ठेवली होती. शोधाशोध नको, समोर असावे, एवढाच हेतू.

पण संगणक जुना. हळूहळू एकेक चित्र उघडायला मिनिटभर लागू लागले. तुम्हा-आम्हाला मिनिट म्हणजे काही नव्हे. पण ज्याने जिवाच्या आकांताने एका शब्दाच्या काठाशी येऊन हात पुढे केला आहे, त्याच्यासाठी ते मिनिट म्हणजे एक दरी असते. डावा हात टेबलावर आपटायचा. मग "बरं!" म्हणून ते उठून जायचे. त्या सकाळी हिशेब केला तेव्हा ते खुर्चीवर न बसल्याला चौदा दिवस झाले होते. सराव खंडला होता.

देवळाली गावात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारी शबाना ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता चाळिशी ओलांडलेली, दोन मुलींची आई. तरी मला पाहिले की अजून उठून उभी राहते, आणि उभी राहिल्या राहिल्या थट्टाही करते. दोन वर्षांपूर्वी तिनेच आमच्या यंत्रावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून दिली होती. तिने यंत्र तपासले आणि म्हणाली, "बाई, मशीन म्हातारं नाही झालं. त्याच्या अंगावरचे कपडे जड झालेत. लग्नातला शालू नेसून कुणी भांडी घासतं का? त्याला सुती नेसवू. हलकं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट टाकू."

हे प्रकरण मला समजून घ्यावे लागले, आणि समजल्यावर मी थक्क झाले. आपण पडद्यावर जे पाहतो, त्या खिडक्या, ती चिन्हे, ते रंग, तो सरकणारा बाण, हे सारे म्हणजे संगणक नव्हे. ती एक दर्शनी मांडणी असते. तिच्या मागे, तिच्याहून फार खोल, यंत्राचा खरा कारभार मुकाट्याने चालू असतो. लिनक्समध्ये ही मांडणी अंगरख्यासारखी उतरवता येते आणि दुसरी चढवता येते. आतला देह तोच. आमच्या शाळेचे छत दुरुस्त करायचे होते तेव्हा आठवी 'ब' महिनाभर कडुनिंबाखाली भरत होती. भिंती नव्हत्या, दार नव्हते, फळासुद्धा झाडाला टेकवलेला. तरी आठवी 'ब' ती आठवी 'ब'च होती. मांडणी बदलणे म्हणजे एवढेच, असे मी स्वतःला समजावले.

शबानाला त्या दिवशी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे काम होते. परत आल्यावर करून देते म्हणाली. मला धीर नव्हता, म्हणून पायऱ्या लिहून पाठव असा मी हट्ट धरला. तिने फोनवर तीन पायऱ्या पाठवल्या. आधी इंटरनेटवरून नवी मांडणी आणून बसवायची. मग यंत्र पुन्हा सुरू करून, आत शिरताना ती निवडायची. आणि आठवडाभर सारे सुरळीत चालले, तरच जुनी काढून टाकायची.

मी त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवल्या. उतरवताना मला हसू आले. शाळेतही ही मुलगी आधी उत्तर लिहायची आणि रीत मागाहून जोडायची. जुने पुसल्यावाचून नवे कोण लिहिते? चौतीस वर्षांत मी एकदाही भरल्या फळ्यावर लिहिले नव्हते. मी लाल पेन घेतले, तिसऱ्या पायरीभोवती वर्तुळ केले आणि बाण काढून ती पहिल्या जागी नेली. समासात 'क्रम चुकला' असा शेराही दिला.

आणि त्या दुरुस्त क्रमाने मी काम केले. जुनी मांडणी काढण्याची आज्ञा टंकली. यंत्राने विचारले, पुढे जायचे का? मी होकार दिला. त्याने पुन्हा सांगितले की या मांडणीबरोबर आलेली बरीच सामग्री आता निरुपयोगी आहे, तीही काढून टाकता येईल. मला टापटीप आवडते. मी तिलाही होकार दिला. पडद्यावरून अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या, जणू कुणी लांब हाताने फळा पुसत चालले आहे. मग मी नवी मांडणी मागवली. यंत्र म्हणाले, सापडत नाही. पुन्हा मागवली. पुन्हा तेच. तेव्हा अडाणी आणि शहाणे जे सारखेच करतात ते मी केले; यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले.

काळा पडदा. दोन ओळी. लुकलुकणारी रेघ.

मग माझ्या ध्यानात आले. तीनशे अठरा शब्दचित्रे मी कुठे ठेवली होती? डेस्कटॉपवर. आणि मी आत्ता स्वतःच्या हाताने, दोनदा होकार देऊन, काय काढून टाकले होते? डेस्कटॉप. गृहपाठाची दुसरी प्रत ठेवा म्हणून पिढ्यान् पिढ्या मुलींच्या मागे लागणाऱ्या मी, त्या चित्रांची एकही प्रत ठेवली नव्हती. चष्मा गेला. चप्पल गेली. समई गेली. ज्या माणसाचे शब्द एकदा नाहीसे झाले होते, त्याचे शब्द मी दुसऱ्यांदा नाहीसे केले होते.

माझा हुंदका ऐकून हे आतून काठी टेकीत आले. पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "बरं?"

"अहो, गेलं सगळं," मी म्हणाले. "मीच घालवलं."

ते वाकले आणि टेबलाखालच्या संगणकाच्या पेटीवर त्यांनी डाव्या हाताचा तळवा टेकवला. डोळे मिटले. आत पंखा फिरत होता, त्याची बारीक थरथर त्या तळव्याखाली पोहोचत असणार. चाळीस वर्षे ज्यांनी दिसणाऱ्या दिव्यांवर नव्हे तर न दिसणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवला, त्यांनी तो तळवा बराच वेळ तसाच ठेवला. मग डोळे उघडून, आपल्या जुन्या अधिकारवाणीने, खालच्या स्वरात ते म्हणाले, "बरं." आणि चौदा दिवसांनी प्रथमच, त्या काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीत बसले.

मी शबानाला फोन लावला. मागे कारखान्याची घरघर चालू होती.

"बाई, जोरात बोला. काय केलंत नेमकं?"

"तुझा क्रम चुकला होता, तो मी दुरुस्त केला."

पलीकडे ती हसत सुटली. "या अल्ला. म्हणजे आधी पुसलंत! बाई, फळा पुसलात ते पुसलात, पण डस्टरबरोबर खडूपण खिडकीबाहेर टाकलात. इंटरनेट जोडणारं सामान त्या जुन्याच्याच पोटात होतं. आता नवं येणार कुठून?"

"ते राहू दे शबाना. काकांची चित्रं डेस्कटॉपवर होती."

तिचे हसू थांबले. ती बाहेर मोकळ्यावर आली असावी, कारण घरघरही थांबली. "ते डेस्कटॉप वेगळं, हे डेस्कटॉप वेगळं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही काढलीत ती मांडणी, चित्रं ठेवलीत तो नुसता एक फोल्डर. नाव एक आहे, बाई, म्हणून जीव घाबरा होतोय. मी सांगते तसं टंका. आज मी सांगणार आणि तुम्ही लिहिणार. आणि दुरुस्ती करायची नाही."

मी मान हलवली, जणू तिला ती दिसणार होती.

तिने सांगितले तसे मी नाव लिहिले. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटेना. ती म्हणाली, उमटत नसतो, तरी पोहोचतो. मग दोन-चार इंग्रजी अक्षरांची एक छोटी आज्ञा. मी कळ दाबली आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला. पण काय भरले! अक्षरे नव्हती. छोटे छोटे पांढरे चौकोन, चौकोनांच्या ओळींमागून ओळी, कुठे तीन, कुठे चार, कुठे सहा.

"शबाना, नुसते चौकोन दिसताहेत ग."

"किती ओळी?"

"पुष्कळ. संपतच नाहीत."

"मग आहेत की, बाई. तुम्ही नावं मराठीत दिलेली. त्या काळ्या पडद्याला मराठी दाखवता येत नाही. शब्द सगळे आहेत. दाखवायला तोंड नाही, एवढंच."

हे वाक्य ऐकताना माझी नजर पडद्यावरून शेजारच्या खुर्चीकडे वळली, ती मी वळवली नव्हती. हे त्या चौकोनांकडे एकटक पाहत होते. त्यांच्या ओठांची बारीक हालचाल चालली होती, जशी गेले सहा महिने चालत आली होती, आणि नेहमीसारखाच आवाज उमटत नव्हता. वाचेच्या बाईंचे वाक्य मी सहा महिन्यांपूर्वी ऐकले होते; त्या सकाळी ते मी पाहिले. ऐकणे आणि पाहणे यांत केवढे अंतर आहे! सिद्धता फळ्यावर मांडून दाखवली जात नाही तोवर प्रमेय खरे असूनही आपले होत नाही, हे मी इतरांना शिकवत आले, आणि माझ्या स्वतःच्या घरातले प्रमेय मात्र सिद्धतेवाचून मी नाकारत बसले होते.

शबानाने आणखी एक आज्ञा सांगितली. तिच्या मध्यभागी एक उभी रेघ होती, आपल्या श्लोकाच्या शेवटी येते तशी. "आता हजेरी होईल," ती म्हणाली. मी कळ दाबली. त्या विस्तीर्ण काळेपणावर एकच संख्या उमटली. आकडे त्या पडद्याला लिहिता येत होते. तीन, एक, आठ.

पट तीनशे अठरा. हजर तीनशे अठरा. वर्गात पाऊल टाकून, सारी बाके भरलेली पाहून, एकही नाव न वगळता हजेरी झाल्याचे दिवस माझ्या नोकरीत किती आले असतील? पाच? सहा?

दिवसभर तो पडदा तसाच राहिला. खिडकीबाहेर एकलहऱ्याच्या उंच धुराड्यांचा आकार उन्हात विरघळत होता, दारावरून द्राक्षांची गाडी ओरडत गेली, आणि यांनी खुर्ची सोडली नाही. जेवणही तिथेच झाले. मधूनच ते वाकून पेटीवर तळवा ठेवत आणि समाधानाने सरळ होत. मी शेजारी बसून विचार करत राहिले. आपण माणसाला कशावरून ओळखतो? चेहऱ्यावरून, चालीवरून, बोलण्यावरून. म्हणजे त्याच्या दर्शनी मांडणीवरून. ती एके दिवशी कोसळली की आपण काळ्या पडद्यासमोर रडत बसतो आणि आत एकही नाव कमी झालेले नाही हे तपासायला विसरतो. मी पाच महिने या माणसाला नवे शब्द शिकवत होते. त्यांना शिकवण्याची गरजच नव्हती. जो सारे जाणतो त्याला मी 'चष्मा' म्हणजे काय ते सांगत होते, आणि तो मोठ्या मनाने 'बरं' म्हणत होता.

पाचच्या सुमारास शबाना सिन्नरच्या बसमधून उतरून थेट आमच्याकडे आली. पदर खोचला, इंटरनेटसाठी वायरीने आपला फोन यंत्राला जोडला आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहिल्या. "काका, आज बाईंनी तुम्हालापण बाकावर उभं केलं की काय?" तिने विचारले. "बरं," हे म्हणाले, आणि तो 'बरं' निःसंशय हसरा होता. नव्या मांडणीचे तुकडे एकामागून एक उतरू लागले. तासाभराने तिने यंत्र पुन्हा सुरू केले.

पडदा उजळला. फिकट निळसर, साधा, कुठेही नक्षी नाही. आणि मग त्यावर, कुणी न बोलावता, एकेक करून सारी चित्रे येऊन उभी राहिली. प्रत्येकाखाली त्याचे नाव, चौकोन नव्हेत, आपली स्वच्छ मराठी अक्षरे. शबानाने चष्म्यावर बाण नेऊन कळ दाबली. बोट वर उचलले जाण्यापूर्वी पडदाभर चष्मा दिसला आणि माझा आवाज आला, 'चष्मा'. मधली दरी नाहीशी झाली होती. तुम्ही म्हणाल, एका यंत्राचा वेग वाढला, त्यात एवढे काय? पण काठावर येऊन थांबलेल्या माणसाला पलीकडचा काठ हाताशी दिसणे, याला दुसरे काय म्हणावे हे मला माहीत नाही.

हे चित्राकडे पाहत नव्हते. ते खुर्चीत ताठ झाले होते. उजळलेला पडदा त्यांनी एकदा आडवा, एकदा उभा न्याहाळला, जसा ते पूर्वी तबकड्यांचा फलक न्याहाळत असतील. मग गळ्यातली एक शीर ताणली गेली, आणि ते स्पष्टपणे म्हणाले, "चालू."



केंद्रातला एखादा वीजनिर्मिती संच बंद पडला की त्या काळी यांना बोलावणे यायचे. कधी दीड दिवस, कधी दोन दिवस ते तिकडेच असायचे. परतले की उंबऱ्याबाहेर बूट काढताना मी तोंडाने काही विचारत नसे आणि ते एकच शब्द बोलत. 'चालू.' मग पाणी, मग चहा, मग झोप. तीनशे अठरांत तो शब्द नव्हता. असणार कसा? मी फक्त वस्तूंची छायाचित्रे काढली होती, आणि 'चालू' ही वस्तू नव्हे. फिरत्या पंख्याचे चित्र काढा आणि थांबलेल्या पंख्याचे काढा. दोन्ही चित्रांत पाती निश्चल दिसतात. व्याकरणात मी नामापाशीच थांबले होते. हा शब्द मी त्यांना दिला नव्हता, कुणीच दिला नव्हता. जिथे तो होता तिथून ते स्वतः तो घेऊन आले होते.

शबानाने आपला चष्मा काढून पदराला पुसला. मग शाळेत शंका विचारताना करायची तसा अर्धवट हात वर करून ती हळूच म्हणाली, "बाई, हा कुठल्या फोल्डरमध्ये होता?"

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर देता न येण्याचे प्रसंग माझ्यावर चौतीस वर्षांत पुष्कळ आले, आणि दर वेळी मी 'उद्या सांगते' म्हणून वेळ मारून नेली. त्या संध्याकाळी मी तसे म्हणाले नाही. उत्तर माझ्याजवळ नव्हते, उद्याही नसणार होते, आणि ते नसण्यात एवढे सुख असू शकते हे मला नव्याने कळत होते.

यांचे आमच्याकडे लक्ष नव्हते. खुर्ची टेबलाजवळ ओढून, डाव्या हाताच्या तर्जनीने, त्यांनी पुढचे चित्र उघडले होते.